पारीच्या मातेचं लुगडं

आमच्या संग्रहालयाचं नूतनीकरण होणार हे कळल्यावर सगळ्यात जास्त आनंद माझ्या आईला झाला. जी आयुष्यात एकदाच त्या इमारतीची पायरी चढली होती आणि रडत उतरली होती, तिला. मी तिथे नोकरीला होते, पण मला आनंद झाला नव्हता. सरकारी बांधकाम म्हणजे काय असतं, हे मला भंडाऱ्यात राहून चांगलं ठाऊक होतं.

आईला आनंद का झाला हे सांगायचं तर दिघोरीपर्यंत मागे जावं लागेल. आमच्या गावाच्या तलावाच्या पाळीला सगळे पार म्हणतात. त्या पारीवर चिंचेखाली काळ्या दगडाची एक बाई उभी होती, कडेवर मूल घेतलेली. नाक झिजलेलं, पाय तेलाने गुळगुळीत झालेले. तिला पारीची माता म्हणत. माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. मी झाले तेव्हा आईने मला त्या मातेच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि सूपभर धान देऊन परत विकत घेतलं. म्हणजे मी मूळची तिची आणि आई माझी गिऱ्हाईक, असं आमच्या घरात थट्टेने म्हणत. पण नवस थट्टेचा नव्हता. पोर जगली तर तिच्या लग्नात तुला हिरवं लुगडं नेसवीन, असं आई बोलून बसली होती.

मी जगले. गोवर, कांजण्या, एकदा विहिरीत पडणं, सगळं पचवून जगले. मी शाळेत असताना एका वादळात चिंचेची फांदी मोडून मातेवर पडली आणि तिचा उजवा हात कोपरापासून तुटला. आमच्याकडे खंडित देव पूजेत ठेवत नाहीत. हळदकुंकू लावून, वाजतगाजत नेऊन त्याला पाण्यात शिरवतात. गावाने तेच ठरवलं. तलाव समोरच होता, चार पावलांवर. आडवे आले माझे बाबा.

बाबा गावच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांना कधीतरी भंडाऱ्याचं संग्रहालय पाहायला मिळालं होतं. तिथे तुटक्या मूर्तीलाही मान असतो, लोक लांबून बघायला येतात, ती कायमची जपली जाते, असं त्यांनी गावाला पटवलं. आईला मात्र पटवता आलं नाही.

"तुटल्या देवाले पान्यात शिरवतेत," ती म्हणाली. "दुकानात मांडून नाही ठेवत."

"दुकान नोहोय वो ते."

"मंग काय आहे? दार आहे, तिकीट आहे, रांग आहे."

मातेला गाडीत तनसावर, धानाच्या पेंढ्यावर, निजवून नेलं, तेव्हा आई घरात पाठ फिरवून बसली होती. बाबांशी ती किती दिवस बोलली नाही ते आठवत नाही, पण मला तिखट जेवण पुष्कळ दिवस मिळालं हे आठवतं.

माझं लग्न भंडाऱ्यातच ठरलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आई हिरवं, लाल काठाचं नऊवारी लुगडं घेऊन संग्रहालयात गेली. तेव्हाच्या साहेबांनी नाही म्हटलं. वस्तूला कापड लावता येत नाही, हळदकुंकू तर नाहीच, नियम आहे. ते उद्धटपणे बोलले नाहीत. खुर्चीही दिली. पण 'वस्तू' हा शब्द आईला असा लागला की ती पायरीवर येऊन मोठ्याने रडली, आणि मी नवी नवरी हातभर चुडा घालून तिच्या शेजारी उभी राहिले. लुगडं कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत गेलं.

पुढे मला त्याच संग्रहालयात नोकरी लागली. आई म्हणायची, तिनंच बोलावलं तुले. मला तरी जाहिरात बघून अर्ज केल्याचं आठवतं. रोज सकाळी दालनं उघडून वस्तू पुसून घेणं हे माझं पहिलं काम. मातेसमोर उभी राहिले की हसू यायचं आणि रागही. तिला रोज फडकं लावायला मला पगार मिळत होता, लुगडं लावायला परवानगी नव्हती.

आमची इमारत इंग्रजांच्या काळातली. चुन्याच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. उन्हाळ्यात आत शिरलं की माठाला गाल लावल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात मात्र जागोजाग घमेली ठेवावी लागत. पितळेच्या समया, लाकडी नंदीबैल, दंडारीच्या नाचातले मुखवटे आणि जिल्हाभरातल्या तलावांच्या पारींवरून, शेतांच्या बांधा-धुऱ्यांवरून गोळा केलेल्या दगडी मूर्ती. मूर्ती बहुतेक सगळ्या मोडक्याच. धडक्या मूर्ती गावं कशाला देतील? त्या देवळात असतात. आमच्याकडे आले ते टाकून दिलेले देव.

मंजुरी आली. जुनी इमारत दुरुस्त होणार, मागे नवं दालन उभं राहणार, काच, दिवे, थंड हवा. नवे साहेब मनाने बरे होते. मी त्यांना एकदा चहा पिताना आईच्या नवसाचं सांगितलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "नव्या दालनात मूर्ती बसवू, तेव्हा काचेच्या पेटीत जायच्या आधी आईंना घेऊन या. पाच मिनिटं नेसवू द्या लुगडं. फोटो काढू नका म्हणजे झालं."

मी त्याच शनिवारी लाखांदूरच्या एसटीने गावी गेले. बाबा तोवर गेलेले. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं तर तिने सूप खाली ठेवलं आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून. मग उठून ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीवर पिवळी रेघ उठली होती. ती दिवसभर उन्हात बसून ती रेघ चोळत राहिली.

काम चालू असेपर्यंत वस्तू हलवायच्या होत्या. भंडाऱ्यात जागा मिळेना. पवनी रस्त्यावर, कोंढ्याच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, एका गावात धानाचं जुनं गोदाम रिकामं होतं. तिथे सगळं नेलं. पुन्हा तेच तनीस, पुन्हा तीच माता आडवी. गावातलाच एक म्हातारा राखणदार ठेवला, किल्ली त्याच्याकडे. वर्षभराचा प्रश्न आहे, असं साहेब त्याला म्हणाले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याला आमचा ठेकेदार भेटला नव्हता. पहिल्या वर्षी कौलं उतरवली आणि पावसाळा लागला. चुन्याच्या भिंती उघड्यावर भिजल्या, फुगल्या, पोपडे धरले. मग त्या पोपड्यांवर सिमेंट थापलं. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नये, ती श्वास घेते, असं नागपूरहून आलेल्या आर्किटेक्ट बाई जीव तोडून सांगून गेल्या, आणि त्या गेल्यावर सिमेंटची घमेली पुन्हा सुरू झाली. सागवानी तुळया 'किडलेल्या' ठरल्या. कीड अशी की एका तुळईचं लाकूड आरपार लालबुंद, वासाने जीव भरून यावा असं. त्या कुठे गेल्या हे विचारायची सोय नव्हती. जुन्या काचकपाटांना भंगारवाल्याने दोरी बांधली तेव्हा मी तिथे उभी होते. एक कपाट फरशीवर घासत गेलं, त्याचा आवाज मला अजून दातांत जाणवतो.

आईला मी फोनवर सांगायची, होतंय, होतंय. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणायची, "आंधी तिले पाह्यतो, मंग डोरे काढा नाही तं ठेवा." गुडघे गेले होते. पारीवर चढणं बंद झालं होतं. माझ्या आधी गेलेल्या लेकरांची नावं ती हल्ली झोपेत घेते, असं शेजारीण सांगायची.

अखेर नवं दालन उभं राहिलं. जुन्या इमारतीच्या पाठीला चिकटवलेला एक पांढरा डबा. उद्घाटनाची तारीख ठरली आणि मी गाडी घेऊन मूर्ती आणायला गेले.

राखणदाराने मला पाहून चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर कुलूप काढलं. गोदाम झाडून लख्ख केलेलं होतं. एका भिंतीशी समया, नंदीबैल, मुखवटे आणि दोनचार मूर्ती नीट ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, पुढे वाळलेली झेंडूची फुलं. बाकी सगळी जमीन मोकळी.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"शिरवल्या ना बाई."

त्याच्या तोंडावर अपराध नव्हता. एखाद्याने आपल्या घरचं कार्य व्यवस्थित पार पडल्याचं सांगावं तसा सांगत होता. धडक्या मूर्ती त्यांनी ठेवल्या होत्या. मोडक्या तेवढ्या नेल्या होत्या.

"गावात खंडित देव ठेवू नाही, बाई. तुमी वर्स मनाले, मंग दुसरं वर्स झालं. आमच्या धानावर तुडतुड्याची कीड आली, बांधीच्या बांधी जळल्यावानी झाल्या. मंग एक जवान पोरगा मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्या मागं त्याची चुलती गेली. बाया खिडकीतून पाह्यत, आतमंदी बिनहाताचे, बिननाकाचे देव तनसात पडून. लोकं मनत, हेच गोस्ट गावाले खाऊन राहिली."

"मग आम्हाला सांगायचं!"

"किती खेपा आलो तुमच्या हापिसात. ते मने काम चालू आहे, मंग या." म्हातारा थांबला. "आमच्या गावातबी मरनाचं काम चालूच होतं ना."

सगळ्या गावाने वर्गणी काढली होती. भजनी मंडळ, डफडं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धुऊन, पानाफुलांनी सजवून. बायांनी एकेका मूर्तीची ओटी भरली. तलावात जिथे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही तिथे डोंग्यातून नेऊन एकेक सोडली.

"त्यातली एक, लेकरू कडेवर घेतलेली?"

"हो, हो. तिले तं बाया सोडतच नव्हत्या. लय रडल्या."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंडही उघडलं. पण त्यांनी केलं ते काय? माझ्या गावाने जे करायचं ठरवलं होतं आणि माझ्या बापाने करू दिलं नव्हतं, नेमकं तेच, तितक्याच मायेने. म्हणून त्या गावाचं नाव मी घेत नाही. पुढे चौकशीत त्यांना चोर ठरवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती माणसं किती खेपा त्यांना दारातून परत पाठवत होती तेही.

शोध घेतला, नाही असं नाही. डोंगे फिरवले, गळ टाकले. गाळात काय लागणार? उन्हाळ्यात जेसीबी उतरवायचं ठरलं तर अख्खं गाव पारीवर येऊन बसलं. शिरवलेला देव कोणी वर काढतं का, तुमच्या घरच्या माणसाची राख तुम्ही नदीतून गाळून आणता का, असं एका बाईने तहसीलदारांना विचारलं. त्यांनी ड्रायव्हरला जीप सुरू करायला सांगितलं. ते परत गेले आणि विषय थंड झाला.

उद्घाटन एकदा पुढे ढकललं होतं, दुसऱ्यांदा ढकलता येणार नव्हतं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की फोटो आहेत, त्यावरून फायबरच्या मूर्ती करून घ्याव्यात. नागपूरचा कलाकार हुशार होता. काळा रंग, दगडाचे दाणे, नाकाची झीजसुद्धा. खाली बारीक अक्षरात 'प्रतिकृती' असं लिहिलेलं. हे सगळं चालू असताना मी गावी गेलेच नाही. फोनवर आईला म्हणायची, अजून दिवे बसायचे आहेत. जीभ रेटत नव्हती. तुझी माता कुठल्यातरी परक्या तलावाच्या गाळात आहे, हे वाक्य फोनवर कसं बोलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात चौकीदाराने आत निरोप आणला, बाहेर एक म्हातारी बसली आहे, तुमचं नाव घेते. पेपरात छापून आलेलं शेजारणीच्या पोरीने वाचून दाखवलं होतं. आई शेजारणीला घेऊन एसटीने निघाली होती, स्टँडवरून ऑटोने आली होती. डोक्यावरून पदर, काखेत पिशवी. पिशवीत लुगडं.

"तू नाही आली न्याले, मनून मीच आलो," ती म्हणाली. "कुठी आहे?"

मी तिला तिथेच पायरीवर बसवून सांगायला हवं होतं. ती बसली नाही. माझा दंड धरून चालायला लागली. नव्या दालनात रंगाचा वास भरलेला, फरशी इतकी चकचकीत की आई पाण्यातून चालावं तशी पाय उचलून टाकत होती. चौथऱ्यावर दिव्याच्या उजेडात ती फायबरची माता उभी होती. काच अजून बसायची होती.

आईला नीट दिसत नव्हतं. तिने हातांनी पाहायला सुरुवात केली. पाय, कमर, कडेवरचं लेकरू. मग तिचा हात मूर्तीच्या उजव्या खांद्यावरून खाली उतरला. कोपर. मनगट. बोटं.

नागपूरच्या कलाकाराने हात पूर्ण केला होता. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, तुटकं चांगलं दिसत नाही, असं वरून कोणीतरी म्हणालं होतं. एवढ्या गडबडीत ते माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

"हात आला वो इचा," आई म्हणाली. आधी हळू, मग मोठ्याने. "हात आला! पाह्य ना, बोटं आली!" तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती मूर्तीची बोटं एकेक करून चाचपत होती, जन्मलेल्या पोराची बोटं मोजतात तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग आता इतं काहून ठेवता इले? खंडित झाली मनून देली होती. आता चांगली झाली. आता गावाले नेऊ. पारीवर जागा तशीच आहे, चिंचपन आहे."

साहेब आवाज ऐकून आले. त्यांना वाटलं म्हातारीला परवानगी हवी आहे. "आजी, नेसवा ना लुगडं. नेसवा, आता चालतं."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. आता चालतं. खरीला चाललं नाही, खोटीला चालतं.

मी सांगितलं. तिथेच, साहेबांच्या देखत. माय, ही ती नव्हे. ही फायबरची आहे. तिला त्या गावच्या लोकांनी शिरवलं, तलावात आहे ती. मी भराभर बोलले, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

आईने मूर्तीच्या हातावरचा हात काढला नाही. बोटाने ठोकून पाहिलं. आतून पोकळ आवाज आला. तेव्हा काढला.

"वाजतगाजत नेली का?"

"हो. ओटी भरली बायांनी."

"बेस केलं त्याइनं." मग तिने पिशवी काखेत सारखी केली. "तवा आपल्या तलावात शिरवली असती, तं आपल्या पान्यात तरी असती. रोज धुनं धुवाले गेली की मालूम असतं, इतंच आहे. तुह्या बापानं तिले जपाले देली."

साहेब काहीतरी म्हणत होते. आई त्यांच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "आता चालते का साहेब? मंग तुमीच नेसवा."

स्टँडवर एसटीत बसवताना तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आपण त्या तलावावर जाऊ, तिथे पाण्यात सोडू लुगडं. तिने मान हलवली. "माह्याच्यानं नाही होत. कोन्या गावच्या पान्यात उभी राहून मी काय मनू तिले? तुह्या जिवाचा नवस आहे. आता तूच पाह्य."

मळणीच्या दिवसांत आई गेली. डोळ्यांचं ऑपरेशन तिने शेवटपर्यंत केलं नाही. नवं दालन छान चालतं, शाळांच्या सहली येतात. गावी जाताना लाखांदूरची एसटी मातेला शिरवलेल्या त्या तलावावरून जाते. पारीशी थांबाही आहे. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात आणि कंडक्टर विचारतो, कोणी उतरणार आहे का. लुगडं दर खेपेला माझ्या पिशवीत असतं. मी अजून उतरलेली नाही.